भाषेसाठी सरकारी प्राधिकरण असावे का? ठरावावर मत देण्यापूर्वीचा तुलनात्मक आढावा

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या मागील सभेत एका सभासदाने ठराव मांडला, की मराठीच्या लेखनावर, परिभाषेवर आणि वापरावर कायद्याने अधिकार चालेल असे एकच प्राधिकरण नेमावे, अशी मागणी वाचनालयाने शासनाकडे करावी. ठरावावर दीड तास बोलणे झाले आणि अखेर तो पुढील सभेवर ढकलण्यात आला. बोलणाऱ्यांपैकी निम्मे लोक फ्रान्सचा दाखला देत होते आणि निम्मे इंग्रजीचा. मराठवाड्याचा दाखला कोणीच दिला नाही, हे मला खटकले, कारण भाषेवर सरकारचा हात कसा चालतो आणि तो उठला म्हणजे मागे काय उरते, हे महाराष्ट्राच्या ज्या भागाने सर्वांत जवळून पाहिले तो हाच भाग आहे. पुढील सभेत हात वर करायचा की नाही हे ज्यांना ठरवायचे आहे, त्यांच्यासाठी ही तुलना लिहीत आहे. माझे स्वतःचे मत मी लपवणार नाही, मात्र त्याच्या उलट जाणाऱ्या गोष्टीही त्यांच्या पूर्ण वजनानिशी मांडण्याचा प्रयत्न करीन.

प्रथम ठरावातील एक गुंता सोडवावा लागतो. भाषेचे नियमन म्हणताना आपण तीन निराळी कामे एका शब्दात कोंबतो. शब्द कसा लिहावा, कोणते अक्षर कोणत्या आकाराचे असावे, हे पहिले काम. नव्या वस्तूला आणि नव्या विद्येला शब्द कोणता द्यावा, हे दुसरे. भाषा कोठे वापरलीच पाहिजे, म्हणजे कचेरीत, शाळेत, दुकानाच्या पाटीवर, हे तिसरे. या तिसऱ्या कामासाठी भाषेचे प्राधिकरण लागतच नाही, त्याला साधा कायदा पुरतो. संविधानाच्या अनुच्छेद ३४५ने राज्याच्या विधानमंडळाला राजभाषा ठरवण्याचा अधिकार दिला, त्यानुसार १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला, २०२० साली सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आणि २०२२ साली महापालिका-नगरपालिकांसारख्या स्थानिक प्राधिकरणांनाही मराठीतून कारभार करणे बंधनकारक झाले. या कायद्यांची अंमलबजावणी ढिली असेल तर ती घट्ट करावी. त्यासाठी व्याकरणकारांची समिती नेमणे म्हणजे पाय मुरगळल्यावर चष्मा बदलण्यासारखे आहे. म्हणून यापुढे पहिल्या दोन कामांपुरतेच बोलतो.

प्राधिकरण नको म्हणणाऱ्यांचा सर्वांत मोठा दाखला इंग्रजीचा असतो. जोनाथन स्विफ्ट याने १७१२ साली इंग्रजी भाषा सुधारून स्थिर करण्यासाठी एक अधिकृत मंडळ नेमावे अशी सूचना केली होती. ती कधी अमलात आली नाही. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सन याचा कोश आला, आणि त्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने भाषा एका जागी थोपवून धरण्याची आशा फोल असल्याचे कबूल केले. तेव्हापासून आजतागायत इंग्रजीचे लेखन कोशकार, छापखाने, वृत्तपत्रे आणि परीक्षा घेणाऱ्या संस्था यांच्या आपसातल्या सवयीवर चालते. ब्रिटन आणि अमेरिका काही शब्द निरनिराळे लिहितात आणि त्याने कोणाचे अडत नाही. हे सर्व खरे आहे, परंतु त्यावरून मराठीसाठी निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. ज्या भाषेच्या मागे आधी साम्राज्य आणि नंतर जगाचा बाजार उभा राहिला, तिला राखणदार लागला नाही, यात तिच्या मोकळेपणाचा वाटा किती आणि तिच्या ताकदीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. इंग्रजीचे अक्षर पडद्यावर चुकीचे दिसले तर कंपन्या रात्रीत दुरुस्ती करतात. मराठीच्या अक्षराबाबत काय झाले ते पुढे येईल.

फ्रान्सचा दाखला देणारे बहुधा फ्रेंच अकादमीचा दरारा डोळ्यांपुढे ठेवतात. फ्रान्सचा त्या वेळचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याच्या पुढाकाराने १६३५ साली ती स्थापन झाली. तिच्या चाळीस सभासदांना ‘अमर’ म्हणतात, आणि १६९४ साली तिने आपला पहिला कोश काढला. परंतु दरारा आणि अधिकार या दोन गोष्टी आहेत. तिच्या कोशाची आठवी आवृत्ती १९३५ साली पुरी झाली आणि नववी २०२४ साली, म्हणजे मध्ये जवळजवळ नव्वद वर्षे गेली. या काळात भाषा तिच्यासाठी थांबून राहिली नाही. २०२० साली तिने कोविड हा शब्द स्त्रीलिंगी वापरावा असे सांगितले, तोपर्यंत लोकांनी तो पुल्लिंगी करून टाकला होता आणि फ्रान्समध्ये बोलताना पुष्कळ जण तो आजही तसाच वापरतात. संगणकाला फ्रेंचमध्ये जो शब्द रूढ झाला, ‘ऑर्दिनातर’, तो अकादमीने घडवलेला नाही. १९५५ साली आयबीएम कंपनीने नव्या यंत्रासाठी नाव हवे म्हणून विचारणा केली, तेव्हा झाक पेरे या प्राध्यापकाने पत्राने तो सुचवला. गरज असलेल्याने विचारले, जाणकाराने एक बरा शब्द दिला, आणि तो यंत्राबरोबरच बाजारात गेला. परिभाषा रुजण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला तरी माहीत नाही.

फ्रान्समधील खरी शिकण्यासारखी गोष्ट अकादमीची नसून न्यायनिवाड्याची आहे, आणि ती आमच्या सभेत कोणी काढली नाही. १९९४ साली तूबाँ या मंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा भाषाविषयक कायदा तेथे झाला. जाहिराती, करार, वस्तूंवरील माहिती आणि नोकरीच्या ठिकाणचा व्यवहार फ्रेंचमध्ये असावा, ही त्याची मुख्य मागणी. त्याच्याही पुढे जाऊन, विदेशी शब्दाला सरकारने पर्याय ठरवून दिला असेल तर तोच वापरला पाहिजे, अशी तरतूद त्यात घातली होती. त्याच वर्षी तेथील संविधान परिषदेने ही शेवटची गोष्ट खासगी व्यक्तींपुरती रद्द केली. सरकारने ठरवलेले शब्द सरकारी संस्थांवर आणि सार्वजनिक सेवा चालवणाऱ्यांवर बंधनकारक करता येतील, सामान्य नागरिकाने कोणता फ्रेंच शब्द वापरावा हे मात्र सरकार ठरवू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

जर्मनी वेगळ्या वाटेने गेली आणि याच रेषेवर येऊन थांबली. तेथे अकादमी नव्हती. डूडेन नावाच्या एका खासगी प्रकाशनाचा कोश १९५५पासून शाळांत शंकेच्या ठिकाणी प्रमाण मानला जात असे. १९९६ साली जर्मन बोलणाऱ्या देशांच्या सरकारांनी मिळून लेखनाचे नवे नियम मान्य केले. नियम वाईट नव्हते, काही तर्काला धरून होते, पण तर्काच्या ओघात एकाच शब्दात तीन ‘एफ’ एकापुढे एक उभे राहिले आणि वर्षानुवर्षे लिहीत आलेल्या माणसाला आपलाच शब्द अनोळखी दिसू लागला. लेखक संतापले. श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यात १९९८ साली जनमत घेतले गेले आणि लोकांनी सुधारणेविरुद्ध कौल दिला. पुढच्याच वर्षी तेथील विधानमंडळाने तो कौल बाजूला सारला. फ्रांकफुर्टमधील एक मोठे दैनिक २००० साली जाहीरपणे जुन्या लेखनाकडे परतले. संघीय संविधान न्यायालयाने १९९८ साली निर्णय दिला, की शाळांसाठी लेखनाचे नियम ठरवण्याचा सरकारला अधिकार आहे, मात्र शाळेबाहेरचा नागरिक पूर्वीप्रमाणे लिहायला मोकळा आहे. अखेर २००४ साली लेखन परिषद नेमली गेली, तिच्यात निरनिराळ्या देशांच्या भाषातज्ज्ञांबरोबर शिक्षक, प्रकाशक आणि पत्रकार घेतले गेले, २००६ साली नियम पुन्हा दुरुस्त झाले, आणि मग ते दैनिकही नव्या लेखनाकडे आले. दहा वर्षांचे भांडण परिषदेने मिटवले, हे प्राधिकरणाच्या बाजूचे म्हणणे. ते भांडण सरकारांनीच उकरले होते, हे विरुद्ध बाजूचे. दोन्ही खरी आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन देशांतील दोन न्यायपीठांनी चार वर्षांच्या अंतराने जवळपास एकच रेषा आखली. सरकार स्वतःच्या लेखणीवर आणि शाळेच्या फळ्यावर नियम चालवू शकते. त्यापलीकडे नाही.

स्पेन आणि इस्रायल यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. माद्रिदची शाही भाषा अकादमी १७१३ची आहे, पण स्पॅनिश बोलणारे बहुसंख्य लोक समुद्रापलीकडे राहतात हे ओळखून १९५१ साली सर्व देशांच्या अकादम्यांचा संघ झाला. आज त्यात २३ अकादम्या आहेत, आणि २०१० सालच्या लेखननियमांना मंजुरीही माद्रिदमध्ये नव्हे तर मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे मिळाली. राजधानीने नियम करायचे आणि बाकीच्यांनी गिरवायचे, ही रीत त्यांनी मोडली. इस्रायलची हिब्रू अकादमी १९५३च्या कायद्याने झाली, आणि तिचे निर्णय सरकार व शिक्षणसंस्था यांच्यावर बंधनकारक असतात. व्यवहारातून गेलेली भाषा पुन्हा घराघरांत बोलती करताना असे मंडळ लागणे समजण्यासारखे आहे. मराठी त्या अवस्थेत नाही. तिला जिवंत करायचे नसून तिची नोंद नीट ठेवायची आहे.

आता घरचा दाखला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानाने कारभारातून फारसी काढून उर्दू आणली. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलत होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, आणि भारतीय भाषेतून सर्व उच्च शिक्षण देणारे ते पहिले विद्यापीठ ठरले. त्यासाठी आदल्या वर्षीच हैदराबादेत ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर खाते उघडले गेले होते. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, रसायन या विद्यांचे ग्रंथ तेथे उर्दूत आणले गेले, विद्वानांनी बसून संज्ञा घडवल्या, आणि तीसेक वर्षे डॉक्टर आणि इंजिनिअर त्या संज्ञांतून शिकून बाहेर पडले. हे काम ज्या तोलाचे होते, त्या तोलाचे काम स्वतंत्र भारतातील कोणत्याही राज्याने आपल्या भाषेसाठी केल्याचे मला दिसत नाही. मराठवाड्यातील माणसाने हे मोकळ्या मनाने मान्य करावे असे मला वाटते. आमच्या भागात मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की मराठी मुलाला वर चढायचे तर उर्दूच्या पायरीनेच जावे लागे, आणि मराठीतून शिक्षण जगवण्याचे काम हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेने, अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाने, स्वामी रामानंद तीर्थांसारख्या शिक्षकांनी केले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान संपले. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले, आणि त्या परिश्रमपूर्वक घडवलेल्या संज्ञा काही वर्षांत कपाटात गेल्या. याउलट गावोगावच्या कचेरीतील उर्दू-फारसी शब्द कोणत्याही मंडळाच्या आधाराशिवाय टिकले. मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडची जुनी माणसे अजून गिरदावरच म्हणतात. इनाम जमिनीचा वाद असला की ‘अतियात’ (इनामे) आणि ‘मुंतखब’ (इनामाचा दाखला) हे शब्द आजही निघतात, कारण जमिनीचा हक्क त्या कागदांवर टांगलेला आहे. ज्या शब्दावर माणसाचे काम अडते तो शब्द माणूस सोडत नाही. ज्यावर फक्त सरकारची इच्छा अडलेली असते तो सरकारबरोबर जातो.

आमच्या घरात आजोबांच्या वेळचा एक बैनामा, म्हणजे खरेदीखत, आहे. जाड पिवळट कागद, वरच्या कोपऱ्यात संस्थानाचे तिकीट, मजकूर सगळा उर्दूत, आणि खाली विकणाराची सही मोडीत. तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या मला त्यातले ना वरचे वाचता येत होते ना खालचे. उदगीरच्या एका वृद्ध मौलवीसाहेबांनी मजकूर वाचून दाखवला. ‘हुदूद अर्बा’ असे ते म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून, “चतुःसीमा, गुरुजी,” असे सांगितले. पूर्वेला ओढा, दक्षिणेला देवस्थानची जमीन, एवढे कळायला मला दोन बस बदलून जावे लागले. मोडीतील सही वाचायला आणखी एक फेरी झाली. २०२३पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच अडचण साऱ्या मराठवाड्याला एकदम जाणवली आणि उर्दू व मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. तुर्कस्तानात १९२८ साली लिपी बदलली आणि १९३२ साली भाषा शुद्ध करणारे मंडळ बसले. तेथे अतातुर्क यांचे १९२७चे भाषणसुद्धा पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून नव्या तुर्कीत उतरवावे लागले, हे वाचताना मला तो बैनामा आठवतो.

यावरून कोणी म्हणेल, की मग सरकारी हात नकोच. आता उलट बाजू मांडतो, आणि ती मी हलकी मानत नाही. मराठीवर सरकारी हात पूर्वीपासून आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला राज्यव्यवहारकोश हा परिभाषेचा सरकारी उपक्रमच होता. मुंबई इलाख्यात मोल्सवर्थचा कोश १८३१ साली सरकारी पाठबळाने निघाला, आणि मेजर कँडी याच्या देखरेखीखालील भाषांतराच्या कामाने पाठ्यपुस्तकांतील मराठी गद्याला वळण लावले. आपण आज विरामचिन्हे वापरतो ती त्याच काळातली. हे वळण पुण्यामुंबईकडे लागले, आम्ही त्या वेळी संस्थानात होतो, आणि १९५६ साली मुंबई राज्यात आलो तेव्हा प्रमाण मराठी आमच्यापुढे तयार पदार्थासारखी वाढली गेली. त्याबद्दल तक्रार करण्याचा हेतू नाही. एवढेच, की ‘प्राधिकरण आणायचे की नाही’ असा प्रश्नच उरलेला नाही. ते तुकड्या-तुकड्यांनी आधीच आहे.

ते तुकडे असे. परिभाषा आणि शासकीय कोश भाषा संचालनालयाकडे. विश्वकोश त्याच्या मंडळाकडे. १९९२पासून राज्य मराठी विकास संस्था. केंद्राचा वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग १९६१पासून दिल्लीत. लेखनाचे नियम मात्र यांपैकी कोणीच केले नाहीत. ते मराठी साहित्य महामंडळाने केले, १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार, असे अठरा, आणि शासनाने ते स्वीकारले. महामंडळ हे सरकारी खाते नाही. पुणे, मुंबई, नागपूर येथील साहित्यसंस्था आणि मराठवाडा साहित्य परिषद अशा चौघांनी मिळून ते १९६१ साली उभारले. मराठवाडा चारांपैकी एक होता, पाहुणा नव्हता. स्पेनने मोठ्या प्रमाणावर जे केले त्याचे हे लहान रूप म्हणता येईल, आणि ‘नांव’, ‘कांहीं’ यांच्यावरचे अनुच्चारित अनुस्वार एका पिढीत निघून गेले, तेही जर्मनीसारखी कोर्टकचेरी न होता.

मात्र त्यानंतर पन्नास वर्षे उलटली आहेत, आणि नियम जेथल्या तेथे आहेत. ‘कवी’ दीर्घ लिहायचा आणि ‘कविमन’ ऱ्हस्व, हे शिकवताना दरवर्षी कोणीतरी हात वर करून “का, सर?” असे विचारी, आणि “संस्कृतात तसे आहे” या उत्तराने त्याचे समाधान होत नसे. बोलण्यातले ‘असं केलं’ हे रूप नियमानुसार पात्राच्या तोंडीच चालते, एरवी ‘असे केले’ लिहायचे. माझे विद्यार्थी घरी ‘काय करलालाव’ म्हणत, त्यांच्यासाठी ही दोन्ही रूपे सारखीच परकी होती. उत्तरपत्रिकेत ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिले म्हणून मी स्वतः अर्धा अर्धा गुण कापला आहे. नियम बदलावा की नाही हा वेगळा प्रश्न, पण तो कोठे नेऊन विचारायचा याचा पत्ताच नव्हता. सरकार म्हणते नियम महामंडळाचे, महामंडळ म्हणते अंमल सरकारचा.

आणि एक काम असे आहे, की जे अधिकार असलेल्या संस्थेशिवाय होतच नाही. ते संगणकाचे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या जागतिक प्रमाणात, स्वतंत्रपणे २००८ साली आले, त्यापूर्वी लोक ‘अ’वर चंद्र चढवून ते लिहीत, आणि आजही काही कळफलकांवरून तसेच उमटते. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा ‘ऱ्’ दोन निरनिराळ्या मार्गांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. एका नातेवाइकासाठी एका संकेतस्थळावर असेच नाव शोधताना ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर मी सहा वेळा वाचले. सातव्यांदा शेजारच्या मुलाने दुसऱ्या कळफलकावरून तेच नाव टंकले आणि नोंद समोर आली. देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ या मराठी वळणांची गतही अशीच आहे, पुष्कळ टंकांत (फाँटमध्ये) हिंदी वळण आधी येते. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली, २०२२ साली तो अद्ययावत झाला. पण निर्णय काढणे निराळे आणि तो टंक बनवणारांच्या, कळफलक बनवणारांच्या, शासनाचीच संकेतस्थळे बांधणाऱ्या कंत्राटदारांच्या गळी उतरवणे निराळे. येथे विखुरलेल्या संस्था कमी पडतात, आणि इंग्रजीचा दाखला येथे पांगळा होतो.

शब्दांच्या बाबतीत मात्र मी तितका उत्साही नाही. मुद्दाम घडवलेले शब्द सगळेच फसतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘संगणक’, ‘महापौर’, ‘दिनांक’ हे आज कोणाला घडवलेले वाटतही नाहीत. पण ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द कागदावर आहे आणि खताच्या दुकानदाराच्या तोंडी ‘लायसन’च आहे. आणि कधी कधी नीटनेटके करण्याच्या नादात शब्दाची नाळच तुटते. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला घरदार शेतात जाते. कडब्याची कोप, आंबील, भज्जी, ज्वारीच्या उभ्या पिकात पांडवांची पूजा. आम्ही तिला येळवस म्हणतो. स्थानिक सुट्टीच्या परिपत्रकात ती ‘वेळा अमावास्या’ असते. शेजारच्या कन्नड मुलुखात याच दिवशी हाच सण ‘एळ्ळ अमावास्या’ असतो, आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. कोणीतरी लिहिणाऱ्याने ‘येळ’ हे गावंढळ समजून त्याची ‘वेळ’ केली असावी, असा माझा कयास आहे. चुकीचा उच्चार सुधारल्याचे समाधान त्याला मिळाले असेल. शब्दातले तीळ मात्र सांडले.

आता ठरावाकडे. तो आहे तसा पुढे आला तर मी विरोधात हात वर करीन, कारण ‘लेखनावर, परिभाषेवर आणि वापरावर’ एकच अधिकार एकाच मंडळाला देणे म्हणजे तीन वेगळ्या दुखण्यांना एकच काढा देणे होय. परंतु ठराव दुरुस्त झाला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन, आणि दुरुस्ती सुचवणाऱ्यांत माझे नाव लिहावे. लेखन, लिपी आणि संगणकावरील मराठी एवढ्यासाठी एक कायद्याने स्थापन झालेले मंडळ असावे. त्याचा अंमल शासनाच्या कचेऱ्यांवर, शासनाच्या पैशाने बनणाऱ्या संकेतस्थळांवर आणि पाठ्यपुस्तकांवर चालावा, आणि कंत्राटाच्या अटींतच तो लिहिला जावा, म्हणजे ‘कुऱ्हाडे’ एकाच प्रकारे साठवला जाईल आणि दोन्ही प्रकारे सापडेल. लेखक, वृत्तपत्रे, दुकानदार आणि उत्तरपत्रिकेतील बोलीतला संवाद यांच्यावर तो चालू नये. परिभाषेचे काम त्याने स्वतः करू नये. जेथे शब्दाची गरज पडते तेथून मागणी यावी, दोन-तीन पर्याय द्यावेत आणि रुजेल तो कोशात घ्यावा. मंडळावर चार विभागांची माणसे बरोबरीने असावीत आणि त्यांत केवळ प्राध्यापक नसावेत. एक प्राथमिक शिक्षक, एक टंक बनवणारा आणि जुने दस्त वाचू शकणारा एक जाणकार असावा. दर दहा वर्षांनी नियमांचा फेरविचार व्हावा, बदललेला नियम आणि सोडलेला नियम दोन्ही तारखेसह शेजारी शेजारी छापले जावेत, आणि उर्दू व मोडी वाचणारे लोक तयार करण्याची जबाबदारीही त्याच मंडळाच्या कामांत लिहिली जावी.

एका सभासदाने मला विचारले, की एवढ्या मर्यादा घातल्यावर त्या मंडळाला कोण विचारील. त्यावर पैठणचा दाखला मला सुचतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी त्या ताडून ग्रंथ शुद्ध केला, आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. त्यांच्यामागे ना दरबार होता ना दंड. तरी पुढे प्रमाण मानली गेली ती त्यांचीच प्रत, कारण काम नीट झाले होते आणि त्यांनी दुरुस्त केला होता तो पाठ, लोकांचे बोलणे नव्हे.

दुरुस्तीचा मसुदा वाचनालयात टेबलावर ठेवला आहे. ज्यांना त्यात आणखी भर घालायची किंवा काही खोडायचे असेल त्यांनी सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत समासात लिहून ठेवावे. ‘वेळा अमावास्या’च्या पुढे मी कंसात ‘येळवस’ लिहिले आहे, ते तेवढे खोडू नये.